चौकशीसाठी निवडलेला बार

मामा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी परमिट रूममध्ये शिरलो की माझी नजर आधी गल्ल्याकडे जाते. सुप्याच्या त्या बारमध्ये गल्ल्यावर तुम्ही बसायचात आणि मी टेबलं सांभाळायचो. बावीस वर्षांचा होतो, गावाकडून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, कान तिखट आणि तोंड त्याहून तिखट. आज मी नगर जिल्ह्यातल्या बऱ्याचशा बारना चकणा पुरवतो. खारे शेंगदाणे, फुटाणे, तळलेली डाळ. माझ्या पहिल्या कढईतला पहिला माल तुम्ही मालकाशी वाद घालून घेतलात, ते मी विसरलेलो नाही. आता लोक मला शेठ म्हणतात. तुम्ही असतात तर अजून 'ए फुटाण्या' म्हणाला असतात, आणि मला बरं वाटलं असतं. या आठवड्यात मी तुम्ही शिकवलंत तसा एक बार निवडला. त्यानंतर जे केलं ते तुमच्यासमोर उभं राहून सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून कागदावर सांगतो.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला नगरला न्यायचात, दुसऱ्यांचे बार दाखवायला. स्वतः थेंब घ्यायचा नाहीत. कोपऱ्यात बसून सोडा मागवायचात आणि मला म्हणायचात, "सांग, बसन्यासारका हाय का?" मी लायटी, खुर्च्या, मेनूकार्ड असलं काहीतरी सांगायचो आणि तुम्ही हसायचात. "आरं, मोरी बघ आदी. मंग वेटर बघ, किती जुने हायत. आन् येनाऱ्याकडं समदेच बघत्यात, उठनाऱ्याकडं कोन बघतंय ते बघ." चांगल्या बारमध्ये माणूस उठला की कोणीतरी त्याच्या पायांकडे बघतं, गाडीची किल्ली कुठे आहे ते बघतं, एकट्या बसलेल्याच्या टेबलावर दुसरा बरळणारा आणून बसवत नाही. हे मी तुमच्याकडून शिकलो आणि पुढे धंद्यात वापरलं. कुठला बार टिकेल आणि कुठला बुडेल, हे मी माल उतरवतानाच ओळखतो. पण घरच्या कामासाठी ही विद्या कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या मुलीचं लग्न ठरत आलंय, मामा. मुलगा सावेडीत आईबरोबर फ्लॅटमध्ये राहतो, कॉलेजात शिकवतो. पोहे झाले, दोन्हीकडून पसंती झाली, येत्या रविवारी साखरपुडा. तुमच्या सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकच अट घातली. तिचा बाप दारूनं गेला, हे तुम्हाला ठाऊक होतं. लहानपणी त्याला गुत्त्यावरून आणायला तिलाच पाठवायचे. ती मला म्हणाली, "तुमचा धंदा चकण्याचा, मी पंचवीस वर्षं गप्प बसले. पण जावई पिणारा नको. पितो का एवढं बघून या. पीत असेल तर रविवार रद्द." मुलगी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं एक घडी मोडली आणि पुन्हा घातली. मला ते दिसलं, पण मी विचारलं नाही.

बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला मी सावेडीत गेलो. मुलाच्या घरापासून चालत जाता येईल असे तीन बार. पहिला निळ्या दिव्यांचा, भिंतीएवढा टीव्ही, बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. दुसरा पडद्याआडचा, उभ्या उभ्या घ्या आणि चालू लागा. दोन्हीकडे माझा माल जातो, दोन्हीकडच्या मॅनेजरना मी मोबाईलवर मुलाचा फोटो दाखवला. ओळखत नव्हते. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडला नाही. कारण तिसरा बार मी रस्त्यावरूनच ओळखला. साधी पाटी, स्कूटर सरळ रांगेत, आणि जिन्याशी एक रिक्षावाला पेपर वाचत बसलेला, गिऱ्हाइकांना घरी सोडणारा. तिथे माझा माल जात नाही, ते स्वतःच शेंगदाणे भाजतात. वर गेलो. मोरी स्वच्छ. वेटर पन्नाशीचा, खांद्यावर पांढरा नॅपकिन. मी खांबाआड बसलो आणि सोडा मागवला. मनात म्हटलं, मला जावई निवडायचा असता तर तो इथे बसणारा निवडला असता. आणि त्याच क्षणी लक्षात आलं, तो बसतच असला तर इथेच बसत असणार.

वेटरला फोटो दाखवला. त्यानं फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, मला चेहरे न्हाई ध्येनात ऱ्हात. ऑर्डर ऱ्हाती." मी प्लेटखाली नोट सरकवली. तो गेला, परत आला, नोट उचलून माझ्या ग्लासाशी ठेवली. "तुमचं सांडलं हे." आवाज अगदी गोड.

मामा, मी लाजलो, आणि सुप्यातला तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला. पारनेरकडचे दोन पाहुणे आलेत, पांढऱ्या टोप्या, समोर नुसता सोडा. मला विचारतात, कंपनीतला अमुक पोरगा इथं येतो का? आणि मी, बावीस वर्षांचा शहाणा, छाती काढून सांगतो, "येतो की! रोज येतो. तीन नंबरच्या टेबलावर." आठ दिवसांत त्याचं लग्न मोडल्याचं कानावर येतं. तुम्ही मला गल्ल्यामागे बोलावता. ओरडत नाही. ओरडला असतात तर बरं झालं असतं. "रोज येतो म्हनलास. रोज एकच घेतो आन् सव्वाआठला उठतो, हे सांगितलंस का? डबा धुऊन नेतो इथनं, ते सांगितलंस का?" मी म्हणतो, "पण मामा, खोटं तर नाही बोललो." तुम्ही म्हणता, "खरं-खोटं कोन इचारतंय तुला? मानूस हितं दार लोटून आत येतो ते कशाच्या भरवशावर येतो रं?" तो मुलगा नंतर कधी आला नाही. पुढे मी त्याला हायवेवरच्या एका बारबाहेर पाहिलं, त्याच्या पायांकडे तिथे कोणी बघत नव्हतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगतो.

तर मी नोट खिशात घातली आणि उठणार, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काउंटरवरचा माणूस हळूच बोलला, "आले. नेहमीचं काढू का?" आणि माझा वेटर दातांतल्या दातांत म्हणाला, "गप." एवढंच. दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नसतं. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. दारात मुलगा उभा होता, खांद्याला कॉलेजची बॅग. मी मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. वेटर पुढे झाला, आवाज चढवून म्हणाला, "सर, तुमचं पार्सल व्हायचंय अजून. खाली थांबा, पाठवून देतो."

"कसलं पार्सल?"

"आईसायबांचं. व्हेज कोल्हापुरी."

मुलगा क्षणभर थांबला. "बरं," म्हणाला आणि खाली गेला. वेटर आला, माझा ग्लास पाण्यानं भरला. मी सरळच विचारलं, "किती घेतो?"

"तुमी काय घेनार, साहेब?"

"अहो, मुलीचा प्रश्न आहे."

"व्हय? मलाबी दोन हायत," तो म्हणाला आणि टेबल पुसायला लागला. जिथे काही सांडलं नव्हतं तिथे पुसत राहिला. मी मनात हिशोब मांडला. नेहमीचं, म्हणजे पितो. पण पन्नाशीचा वेटर कोणा बेवड्यासाठी असं खोटं बोलत नाही. हे फक्त तुमच्या हाताखाली राहिलेला माणूस समजू शकतो. बायकोला हे कसं समजावू? तिला हो किंवा नाही हवं होतं.

घरी पोचलो तर मुलगी पार्किंगमध्येच उभी, तोंडाचा स्कार्फ अजून सोडलेला नव्हता. "पप्पा, मेनूकार्ड उलटं धरलं होतंत तुम्ही."

"त्यानं फोन केला?"

"बूट ओळखले त्यानं तुमचे. घाबरलाय बिचारा." मग ती स्कूटरच्या आरशाकडे बघत बोलली. "एक घेतो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. मला माहितेय, पोहे झाल्यापासून मी असते ना सोबत. वर फॅमिली सेक्शन आहे. मी लिंबू सोडा घेते."

"तू?"

"आधी मित्रांबरोबर त्या निळ्या लायटीवाल्यात कधीमधी जायचा, तिथे गर्दीत कोण कोणाला ओळखतं. मीच म्हटलं, इथे नको. तिन्ही बघितले आणि हा निवडला. बायकांकडे कोणी वळून बघत नाही, वेटरकाका न विचारता पाणी भरतात, आणि दुसरा मागितला की विचारतात, सर, जेवण लावू का?" मला हसू यायला हवं होतं, मामा. तुमची विद्या न शिकवता तिच्यात उतरली होती. पण तिचे डोळे भरले होते. "आईला सांगा तो पितो म्हणून. खोटं नको. पण मी तिथे बसते हे नका सांगू. ते तिला सोसायचं नाही."

गुरुवारी सकाळी बायको भाकरी थापत होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि सांगितलं. पितो, आठवड्याला एक, फार तर दोन. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली. मग तिनं विचारलं, "कोणी सांगितलं?" आतल्या खोलीत मुलीच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला.

मी म्हणालो, "वेटरनं."

"तोंडानं सांगितलं?"

"हो."

तिनं भाकरी तव्यावरून उतरवली. "एक म्हणाला ना? मोजून?" मी मान हलवली. "मग होऊ दे रविवार. पण मी त्याला सगळ्यांसमोर विचारणार. खोटं बोलला तर म्हणणार, तुझ्या वेटरनंच सांगितलंय आमच्या ह्यांना. आणि खरं बोलला तरी सांगणार. कळू दे त्याला, आपल्यावर लक्ष आहे ते."

रविवार टळला नाही म्हणून आतल्या खोलीतून मुलीचं हसू ऐकू आलं; मला मात्र माझं खोटं कुठे जाऊन लागणार ते दिसलं. आज शुक्रवार आहे. परवा माझी बायको पाहुण्यांच्या देखत त्या माणसाला चहाडखोर ठरवणार, ज्यानं माझी नोट परत केली आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मुलगा त्याला कधी काही बोलणार नाही. नुसता जायचा बंद होईल, आणि कुठे जायला लागेल ते मला माहीत आहे. मुलीला म्हटलं, आईला खरं सांगून टाकू. ती म्हणते, "लग्न होऊ द्या, मग मी सांगते." मी आजवर शंभर मालकांना गोड बोलून वळवलं, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन एक वाक्य फिरवायला माझी जीभ उचलत नाही.

निदान त्या वेटरला आधी सांगावं म्हणून आज दुपारी गेलो होतो. बार नुकता उघडला होता, खुर्च्या टेबलांवरून खाली उतरवत होता. मला बघून म्हणाला, "या साहेब. ठरलं का मंग?" मी म्हणालो, "रविवारी." तो इतका मनापासून हसला की मी खांबापाशी तसाच उभा राहिलो. "लई झ्याक झालं. पोरगं लाखात एक हाय बघा," म्हणाला, आणि मग आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन घाईनं पुढची खुर्ची उतरवायला लागला.

हा कागद कोणाच्या हाती द्यायचा नाही, मामा, म्हणून लिहितो. मी त्याला रविवारचं सांगून माफी मागायला गेलो होतो. त्याच्या हातात माझ्या शेंगदाण्यांचा नमुना ठेवला, मालकांना दाखवा म्हणालो, आणि जिना उतरून आलो.