हाताला बसेल ते पिस्तूल

मंगळ., १९ ऑगस्ट
आज एकशे तेरा फॅरनहाइट. पहाटे चालायला गेले तर रस्ता रात्रीचाच तापलेला. ॲरिझोनातल्या चँडलरचा उन्हाळा म्हणजे नागपूरवाल्यांनाही हात टेकायला लावणारा. चिप बनवणाऱ्या फॅबमधली नोकरी सोडल्यापासून दिवस खायला उठतो. शेजारची लिंडा (सत्तरीची, रिटायर्ड शाळामास्तरीण, चालते माझ्या दुप्पट) म्हणाली, चल माझ्याबरोबर, फुकटचा एसी आहे. मला वाटलं लायब्ररी. नेलं कुठे, तर शूटिंग रेंजवर! दर मंगळवारी तिथे बायकांचा ग्रुप जमतो, नवख्यांना हीच शिकवते. मी म्हटलं, मी आपली बघत बसते. कशाची बघत बसते!

बावीसचं पिस्तूल हातात दिलं. म्हणजे सगळ्यात बारीक गोळीचं. पहिल्या आवाजाला असली दचकले की चाप आपणच ओढलाय हे कळेना. चौथी का पाचवी गोळी कागदाला लागली. मग अजून एक. हसू आवरेना.
कानावर ते जाडजूड मफ. डोक्यात एकही विचार नाही. किती वर्षांनी.

घरी येऊन श्रीला सांगितलं. चहाचा कप हवेतच राहिला. "तू? बंदूक?" तीस वर्षं संसार केला माझ्याशी, अजून ओळख व्हायचीय.

मंगळ., २६ ऑगस्ट
परत गेले. उद्या गणपती, सारण करायचंय, तरी गेले. लिंडा म्हणते मी चाप ओढायच्या आधीच घाबरते. मी म्हटलं छे. तिने मला न सांगता मधेच एक डमी गोळी भरली. आवाज नाही, धक्का नाही, आणि माझं मनगट आपोआप खाली! सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. आपलं आपल्याला दिसलं की बरं असतं.

अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय. जुनंच दुखणं. मोदक वळताना कळेल.

शनि., ६ सप्टें.
दुकानात गेलो, बघायला फक्त. श्री बरोबर आलाच, कारण पुणेकराला कुठल्याही खरेदीत मत असतं. काउंटरवरच्या पोऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ जांभळ्या रंगाचं, तळहाताएवढं पिस्तूल काढलं. म्हणे, लेडीजना हे फार आवडतं, पर्समध्ये मावतं. मी म्हटलं, पर्समध्ये माझं अमृतांजन आणि कुपनं असतात, तिथे जागा नाही.

श्रीला आवडलं ते भलंमोठं, काळंकुट्ट. "घ्यायचंच तर दणकट घ्यावं." मी विचारलं, "कोण चालवणार? तू?"

घेतलं काहीच नाही. जांभळं मात्र हातात गोड बसत होतं. मनात राहिलंय.

मंगळ., ९ सप्टें.
जांभळ्याचा भाऊ रेंजवर भाड्याने मिळाला. रंग काळा, बाकी तेच. तीन गोळ्या मारल्या आणि खाली ठेवला. अगं आई गं! हातावर कुणी पट्टी मारावी तसं. लिंडा म्हणते, छोटं आणि हलकं असलं की सगळा धक्का हाताला बसतो, वजनदार असलं की पिस्तूलच थोडा खातं. हात लहान म्हणून पिस्तूल लहान, असं नसतं. मूठ पूर्ण भरली पाहिजे, बोटाचं टोक चापावर न ताणता पोचलं पाहिजे. दुकानातला पोऱ्या यातलं काही बोलला नाही. त्याला तरी काय बोलायचं, मीच जांभळ्यावर भाळले होते.

रिव्हॉल्व्हरही बघितलं. सोपं, काही सरकवायचं नाही, पण चाप एवढा जड की ओढता ओढता नळी डावीउजवीकडे फिरायला जाते. नाही जमणार.

शुक्र., १२ सप्टें.
लेकीचा, ऋजूचा फोन. दिवाळीला येते म्हणाली, ईराला घेऊन, चांगले दहा दिवस! मागच्या वर्षी ॲन आर्बरहून यायचं जमलंच नाही हिला, हॉस्पिटलात मुलांच्या इमर्जन्सीत ड्यूट्या लागल्या. ईरा आता तीनची. फोनवर म्हणाली, "आजी, आय कॅन जम्प." तिकिटं बघतेय.
रेंजचं सांगितलं नाही. सांगू. एवढी काय घाई.

मंगळ., १६ सप्टें.
मधल्या आकाराचं नाइन एमएम, बावीसपेक्षा मोठ्या गोळीचं. धक्का सहन होतो, पण वरची स्लाइड मागे ओढताना अंगठा बोंबलतो. लिंडा म्हणाली, ओढू नको, ढकल. डाव्या हाताने स्लाइड छातीजवळ घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे लोटायचं. घट्ट बरणी उघडताना आपण करतो तसंच. जमलं! तरी दहाबारा वेळा केल्यावर हात भरून आला.

मग शेवटी परत बावीसचं. जरा वजनदार, लांब नळीचं. स्लाइड लोण्यासारखी. गोळ्या भरायच्या मॅगझिनला बाजूला बटण, ते खाली धरलं की गोळ्या अंगठा न दुखवता आत बसतात. ग्रुपमधली एक बाई म्हणाली, बावीसने काय होणार, चोर हसेल. मी म्हटलं, मला चोर नकोच आहे, मला हा कागद पाहिजे. लिंडा जोरात हसली.
हेच. ठरलं. मनात ठरलं की मला किती हलकं वाटतं.

शनि., २० सप्टें.
आणलं. कपाटात वरच्या फळीवर, नंबरच्या कुलपाच्या पोलादी पेटीत. गोळ्या गॅरेजमध्ये, त्यांना वेगळं कुलूप. श्री म्हणाला बँकेपेक्षा कडक आहे. फडक्याने पुसलं, ठेवलं, परत काढून पुसलं. नव्या साडीचंही एवढं केलं नव्हतं.

ऋजूला सांगायचं राहिलंय. तिचा कामाचा आठवडा, उगाच कशाला. सावकाश.

मंगळ., ३० सप्टें.
मधल्या वर्तुळात सगळ्या! सगळ्या म्हणजे दोन सोडून. कागद घरी आणलाय. फ्रिजवर लावला होता, मग काढला. फ्रिज व्हिडिओ कॉलमध्ये दिसतो.

गुरु., २ ऑक्टो., दसरा
काय करावं या माणसाला!

दरवर्षी श्री दसऱ्याला सगळी हत्यारं पुजतो. लॅपटॉप, पाने-पक्कड, गाडीच्या किल्ल्या, माझा मिक्सर. मी अंघोळीला गेले तेवढ्यात महाराजांनी पेटीतून पिस्तूल काढलं (नंबर त्याला मीच सांगितला होता), मिक्सरशेजारी मांडलं, हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. मला राग यायच्या आधी हसूच आलं. स्लाइडमधून कुंकू काढताना ब्रश लाल झाला, नळीतून अक्षता निघाल्या दोन. लिंडाला हे कुठल्या तोंडाने सांगू.

मग कळलं की हातासरशी फोटोही फॅमिली ग्रुपवर टाकलाय. "यंदाचं शस्त्रपूजन खरंखुरं!" नागपूरहून वहिनीचे अंगठे, हसरे चेहरे. "काय बाप्पा, वन्सं, एकदम रणरागिणी!" ऋजूने वाचलंय. दोन निळ्या खुणा.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि हात माझा नव्हताच!

शुक्र., ३ ऑक्टो.
फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "आई, इज दॅट रिअल?"
हो म्हटलं.
"इन द हाऊस?"
हो.


ती इंग्लिशमध्येच बोलत होती, मी माझ्या भाषेत लिहितेय. ईराला कुणाच्याही घरी खेळायला पाठवायच्या आधी ती विचारते, तुमच्याकडे गन आहे का, कुलपात आहे का. लोकांना राग येतो, हिला लाज वाटते, तरी दर वेळी विचारते. "फक्त एक घर होतं, आई, जिथे मला विचारायची गरज नाही असं मी धरून चालले होते."

मला राग आला. मी म्हटलं, माझं घर आहे हे. पेटी आहे, कुलूप आहे, गोळ्या वेगळ्या आहेत. मी काय खुळी आहे?
म्हणाली, "आय नो. सगळे पेरेंट्स मला हेच सांगतात. आणि त्यांची मुलं माझ्यासमोर बेडवर असतात."

तिकिटं अजून काढलेली नाहीत. घरात असेल तर येणार नाही म्हणाली. हॉटेलात राहूनही नाही.

रवि., ५ ऑक्टो.
श्रीशी बोलत नाहीये. तो बिचारा आपणहून भांडी घासतोय, दोनदा. शेवटी म्हणाला, "विकून टाकू या ना. एका वस्तूवरून लेकीशी..." मी म्हटलं, तुझी सायकल विकू या आधी. तशी सायकल त्याने फेब्रुवारीपासून बाहेर काढलेली नाही.

खरं सांगायचं तर दुखतंय ते वेगळंच. या वयात पहिल्यांदा एक गोष्ट अशी मिळाली जी कुणासाठी करायची नाही, कुणाला वाढायची नाही. आणि ती नेमकी हीच निघावी. चांगलं भरतकाम नाही का आवडलं मला!

मंगळ., ७ ऑक्टो.
गेले नाही. लिंडाने हाक मारली, डोकं दुखतंय म्हटलं. दुपारी तीच केक घेऊन आली. सगळं सांगितलं तिला, अक्षतांसकट. हसली, मग म्हणाली, माझा मुलगाही विचारतो, दर ख्रिसमसला. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी आठवडाभर रुसले होते. रेंजवर लॉकर मिळतात महिन्याच्या बोलीवर, तिचं पिस्तूल त्यात असतं, नातवंडं मोठी होईपर्यंत राहील. मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, "मुलगा येतो ना."

शुक्र., १० ऑक्टो.
लॉकर घेतला. पिस्तूल, गोळ्या, सगळं तिकडे. किल्ली लिंडाकडे दिली, मुद्दाम. घरातली पेटीसुद्धा गॅरेजमध्ये नेऊन ठेवली, उघडी. ऋजूला फोटो नाही पाठवला, फोटोंचं पुरे झालं. फोन केला आणि नुसतं सांगितलं.
"थँक यू, आई." मग म्हणाली, "तू माझ्यावर चिडलीयस?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "ओके." आणि दोघी हसलो. तिकिटं तिने मी फोनवर असतानाच काढली, कीबोर्डचा आवाज येत होता.
श्रीशी बोलायला लागले. आनंदाने सायकल पुसली त्याने.

शनि., १८ ऑक्टो.
आली! ईराची आल्या आल्या सगळी कपाटं उघडून झाली. खुर्ची ओढत फिरते, वरची फळीसुद्धा सोडली नाही. चिवड्याचा डबा, माझ्या बांगड्या, तिच्या आबांची, म्हणजे श्रीची, दाढीची क्रीम, सगळं बाहेर. मी तिच्या मागेमागे. ऋजू सोफ्यावर पाय वर घेऊन झोपली, भर दुपारी, कपाटांची दारं तशीच सताड उघडी असताना. किती दमलेली असते ही पोरगी.

सोम., २० ऑक्टो., लक्ष्मीपूजन
चकल्या बिघडल्या, करंज्या जमल्या. ईराने लक्ष्मीला गाजर दिलं. रांगोळीत उडी मारून दाखवली. खूप, खूप बरं वाटतंय.

मंगळ., २१ ऑक्टो.
सकाळी लिंडा गाडी काढताना दिसली तर माझी नजर गेली असेल. ऋजू म्हणाली, "आज तुझा दिवस असतो ना? चल. दाखव मला." मी म्हटलं, तू? म्हणाली, मी काही हातात घेणार नाही, काचेमागे उभी राहीन. ईरा आबांजवळ.

लेक बघतेय म्हटल्यावर पहिल्या दोन कुठेच्या कुठे. मग विसरले ती आहे ते. नंतरच्या छान गेल्या. बाहेर आले तर काचेला टेकून उभी, हाताची घडी, डोळे भरलेले.

गाडीत म्हणाली, "तिथे तुझा चेहरा वेगळाच असतो. मी कधी पाहिलाच नाही तो. आय वॉज सो हॅपी फॉर यू. आणि प्रत्येक आवाजाला मला उलटी येत होती."
मी म्हटलं, दोन्ही कसं गं?
म्हणाली, "दोन्ही."

सिग्नलला विचारलं, लॉकर किती दिवसांचा? महिन्याचा, मी म्हटलं. "अँड देन?"
बघू, म्हटलं.
"बघू म्हणजे?"
"बघू म्हणजे बघू, ऋजू."
यावर वाद घालेल वाटलं होतं. घातला नाही. माझा उजवा हात मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी, जिथे दुखतं तिथेच, घरी पोचेपर्यंत दाबत राहिली.