इंजिन गार होईपर्यंत

१४ एप्रिल २०२५
कंपनीची नोकरी आणि नागापूरची खोली सोडली. टेम्पोत एक कॉट, एक पंखा, दोन पेट्या. दुपारी जामखेडजवळ वस्तीवर पोचलो. आईने दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझा थोरला भाऊ, दादा, गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. लिंबं चांगली लागली आहेत. शेजारच्या मच्छिंद्रने विचारलं, "कंपनीवाले, खोरं कुठनं धरत्यात ते तरी ठावं हाय का?" आम्ही दोघंही हसलो. इथे जमेल असं वाटतं.

१५ एप्रिल
शेततळ्यावरचा दादाचा पंप पुसून घेतला. टू-स्ट्रोक, एका हाताने उचलता येतो. प्लगची काजळी काढली, फिल्टर धुऊन वाळवला. लिटरभर पेट्रोलला चाळीस मिली ऑइल, वेगळ्या कॅनमध्ये हलवून. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचं, मगच टाकी भरायची. दादाने चालू इंजिनात ओतलं. भडका उडाला. दोन दिवस जगला.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळीन म्हणालो, जमीन विकणार नाही म्हणालो. ऊन तापलं. शेवटी म्हणालो, दादा, तुझा पंप बंद पडू देणार नाही. लगेच शिवला. हे अजून कोणाजवळ बोललो नाही.

१६ एप्रिल
सकाळी पंप पहिल्यांदा चालू केला. सव्वा तासाने टाकी संपत आली म्हणून बंद केला, पंधरा मिनिटं थांबलो, भरला. घरी आलो तर आई म्हणाली, मगाशी दम कोंडल्यावानी झालं हुतं, आता बरं हाय. ऊन लागलं असेल.
संध्याकाळी काम संपलं, पंप बंद केला. आई चहा घेऊन तळ्यावर येत होती. तिथेच कोसळली. श्वास नाही. बोट पंपाकडे. मी दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं, आणि आईने श्वास घेतला.

१७ एप्रिल
पंप बंद केलेला नाही. पाणी पुन्हा तळ्यातच सोडतोय, नाहीतर तळं आटेल. टाकी भरण्यापुरता थांबवतो. आता पंधरा मिनिटं चालत नाहीत. पाच मिनिटांत तिचे ओठ निळे पडतात. गरम इंजिनावरच भरतो.
मच्छिंद्रने स्वतःचा पंप आणून शेजारी लावला. तो चालू ठेवून दादाचा बंद केला. उपयोग झाला नाही. तो चेष्टा करायचा थांबलाय.

१८ एप्रिल
मच्छिंद्रला पंपापाशी बसवून आईला त्याच्या गाडीत घातलं. दवाखाना गाठायचा होता. वळणाच्या पुढे पंपाचा आवाज ऐकू येईना, आणि तिची मान कलंडली. गाडी मागे घेतली. आवाज आला तेव्हा डोळे उघडले.
मच्छिंद्र निघून गेला. म्हणाला, माफ कर राम, मला लेकरंबाळं हायेत. पेट्रोलचे दोन कॅन ठेवून गेला.

१९ एप्रिल, सकाळी ८
आईची कॉट तळ्याच्या बांधावर आणली. आता एक मिनिट. तेवढ्यात झाकण, नरसाळं, ओतणं, दोरी. सायलेन्सरला लागून मनगट भाजलं. दादाला पुन्हा पुन्हा सांगतोय, शब्द परत घेतो. मला ने. तिला सोड.

सकाळी ९.१५
दहा सेकंद. आई पूर्ण थंड पडली होती. चौथ्या ओढीला लागला. पुढच्या वेळी बंद करणार नाही. करता येणार नाही.

१०.२५
टाकीत बोटभर उरलंय. चालू इंजिनातच — मला माहीत आहे काय होतं. कॅन जवळ आणला. आई झोपली आहे, श्वास नीट आहे —

१०.३०
झाकण काढलं. वाफ येतेय. कॅन उचलला, पुन्हा खाली ठेवला. आईचे डोळे मिटलेले, पण तोंड हललं. म्हणाली, ओत की, राम्या. 
आई मला बाळ म्हणते. राम्या म्हणणारा एकटा —

इंजिन अडखळ