घड्याळ मागून उघडतात

३ जून
मानेतली एक चकती सरकून उजव्या हाताच्या नसेवर बसली आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. बायको म्हणाली, मग करून टाकू. मी म्हणालो, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. चार पर्याय पाहिल्याशिवाय मी साधा पट्टा बदलत नाही. आठवड्यात फैसला. थंड डोक्याने.

५ जून, सकाळी
अभ्यास पूर्ण. पर्याय तीन. गळ्याकडून शिरून चकती काढायची आणि वरचा आणि खालचा मणका स्क्रूने कायमचे जोडायचे. किंवा तिथे हलणारी कृत्रिम चकती बसवायची. किंवा मानेच्या मागून बारीक भोक पाडून नसेला वाट करून द्यायची.
जोडणं बाद. चालतं मशीन जाम करण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. मागूनच जायचं. घड्याळ कोणी काचेकडून उघडतं का?

६ जून
अंगठा आणि शेजारचं बोट बधिर. पंख्याचा वारा लागला असणार.

७ जून
दुकानात एक शहाणा आला. म्हणे, फक्त सेल बदला, बाकी काही झालेलं नाही. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: ‘दुरुस्ती गिऱ्हाईकाने सुचवू नये.’ लोकांना एवढं साधं कसं कळत नाही!

९ जून
डॉक्टरांना माझा निष्कर्ष नीट समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. पटलं असावं. मग म्हणाले, तुमची चकती मधोमध फुगली आहे, मागून गेलं तर मज्जारज्जू आडवा येतो. बरं, मग कृत्रिम चकती, असं मी मोठ्या मनाने सुचवलं. म्हणाले, सांधे झिजलेत, ती चालणार नाही. एकूण डॉक्टर जरा हट्टी वाटले.
निघताना त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. वडिलांचं आहे, मागे पडतं, बघाल का म्हणाले. माणूस ओळखतात मात्र.

१२ जून
चहाचा कप हातातून सुटला. कपाचा कान गुळगुळीत. बायकोला तसं सांगितलं.

१४ जून
मेहुण्याने मानेला पट्टा आणून दिला. घातला की टेबलावरचं दिसत नाही. टेबलाखाली विटा लावल्या. आता दिसतं, पण हात पोचत नाहीत. तरी सुधारणा आहे.

१८ जून
डॉक्टरांचं घड्याळ उघडलं, मागूनच. साफ केलं, जुळवलं. शेवटचा स्क्रू राहिला. चिमट्यात येतो आणि निसटतो. येतो आणि निसटतो. मग जमिनीवर गेला. मला वाकता येईना. बायकोने पालथं पडून, टॉर्च लावून शोधला, माझ्या तळहातावर ठेवला. मला तो जाणवलाच नाही.
तिने तो उचलून पुडीत बांधला. एरवी कपावरून तासभर बोलते. मला भीती वाटली. हा हात गेला तर मी दुकानात बसून करू काय?

१९ जून
घड्याळ डबीत, स्क्रू पुडीत, डॉक्टरांपुढे दोन्ही ठेवलं. त्यांनी विचारलं, मग काय ठरवलंत? बायको म्हणाली, तुमची दुकानातली पाटी वाचून दाखवा त्यांना. दाखवली. पाठ आहे.
पुढून उघडणार. जोडणार. परवाच. हात बराचसा परत येईल म्हणाले, आणखी थांबला नाहीत तर.
संमतीच्या कागदावर सही करायची होती. पेन उजव्या हातात टिकेना, म्हणून डाव्याने केली. उजव्यापेक्षा बरी आली.