आवाजाची राखण

६ मार्च, शुक्रवार. दुपारी तीन

आजपासून लिहायचं ठरवलं. कारण आजपासून घरात बोलायचं नाही. बोलायचं नाही ते चिमणीने, मी नव्हे, पण एकीने गप्प बसायचं आणि दुसरीने टकळी चालवायची हे बरं दिसत नाही. म्हणून माझं जे काही असेल ते या वहीत. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण अक्षर गोल आहे.

चिमणी म्हणजे माझी नात. थिएटर माझ्या घरापासून दोन स्टॉपवर, म्हणून माझ्याकडे राहते. गाण्यांच्या नाटकात काम करते. पहिल्या वर्षी झाड होती. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या तर शेजारचा माणूस म्हणाला, बाई, अजून पडदा वर जातोय. मग गर्दीतली बाई झाली, मग मैत्रीण. मध्ये टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत गायली. तोंड दुसरीचं, आवाज आमचा. आणि दोन वर्षांपासून राणी! मुख्य काम. सात गाणी एकटीची. हे सगळं तिला गाणं माझ्याकडून आलं म्हणून. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, म्हणतो की आई, तू कधी गात होतीस? मी म्हटलं, वेळ कोणी दिला?

आता २१ तारखेला, शनिवारी, अख्खं नाटक थिएटरातून थेट टीव्हीवर दाखवणार. लाइव्ह. चुकलं तर चुकलं, परत नाही. आणि नेमका आत्ताच घसा बसला. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात म्हणे आत, त्या सुजल्यात. अकरा दिवस मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो. १७ला तपासणी. बऱ्या असतील तर चिमणी गाणार. नसतील तर बदली.

बदली म्हणजे नाटकात दासी होणारी मुलगी. राणी आजारी पडली तर पंचाईत नको म्हणून तिच्याकडून राणीची गाणी पाठ करून घेतलेली असतात. गोड मुलगी आहे. मला आवडत नाही.

ठरलं. आवाजाची राखण मी करणार. मिक्सर बंद. दाराची बेल काढून ठेवली. चिमणीचा मोबाइल माझ्या कमरेला, नाहीतर वाजला की सवयीने हॅलो म्हणून बसेल.

७ मार्च, शनिवार

पहिला दिवस उत्तम गेला. मी एक अक्षर बोलले नाही. सकाळी फक्त विचारलं, झोप लागली का. मग काय खाणार ते विचारलं. मग तिचा पांढरा टॉवेल सापडेना तेवढं. मग शिंपीणबाई वरच्या मजल्यावरून आल्या, त्यांना सगळं सांगावं लागलं, नाहीतर त्या चिमणीलाच विचारत बसल्या असत्या.

चिमणी छोट्या वहीत लिहून दाखवते. मला वाचायला वेळ लागतो. तोवर मीच ओळखते आणि सांगते. बहुतेक चुकतं. तिने कपाळावर हात मारला. आवाज न करता. शहाणी पोर.

९ मार्च, सोमवार

नवी पद्धत काढली. मी असंच विचारायचं की हो किंवा नाही मान हलवून भागेल. फार सोयीचं. दिवसभर गप्पा झाल्या. संध्याकाळी चिमणीची मान दुखायला लागली.

तिने वहीत लिहिलं, आजी, तुला घराबाहेर काही काम नाही का? पोरीला किती काळजी माझी! मी म्हटलं, सगळी कामं रद्द केली.

११ मार्च, बुधवार. सकाळी

आज घाबरले. चिमणी आरशासमोर उभी होती, तोंड उघडून, राणीचं शेवटचं गाणं म्हणत होती. म्हणजे म्हणत नव्हती. नुसते ओठ, हात, गळ्याच्या शिरा. आवाज काही नाही. मी दारात होते. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. ते गाणं मी दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय, मला पाठ आहे, कुठे श्वास घ्यायचा तेही. पण असं कधी ऐकलं नव्हतं.

मग तिने मला पाहिलं आणि वहीत लिहिलं, परत आलाच नाही तर?

मी म्हटलं, येईल ग, जातोय कुठे, माझ्या घरातूनच गेलाय ना! विनोद केला. हसली नाही. सहा वर्षं झाली तिला त्या थिएटरात, चिंध्या गुंडाळून झाड झाली तेव्हापासून. आणि आता सगळं दोन पट्ट्यांवर.

ठरलं. काही झालं तरी हे काम दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही. मी आहे ना.

१३ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी सहा

आज मी काय केलं ते फक्त या वहीलाच सांगते.

चारला चिमणीचा फोन वाजला. डायरेक्टर. चिमणी आत झोपली होती. म्हणाले, आजी, तिला उठवू नका, फक्त सांगा, कसं आहे? मी म्हटलं, एक नंबर. ते म्हणाले, एक नंबर म्हणजे? बोलते? मी म्हटलं, बोलत नाही म्हणूनच एक नंबर. त्यांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, चॅनलवाले मानगुटीवर बसलेत आजी. कॅमेरे लावायचेत, सतरा तारखेपर्यंत थांबायला तयार नाहीत. संध्याकाळी पाचपर्यंत कोण गाणार ते सांगा म्हणतात. मी काय सांगू?

आता मला सांगा, अशा वेळी नुसतं एक नंबर म्हणून कोणाचं समाधान होतं? माल दाखवावा लागतो. चिमणीला उठवणं शक्य नाही. पण फोनवर माझा आणि तिचा आवाज एकच आहे. माझा मुलगा एकदा मला चिमणी समजून अख्खं वाक्य बोलला होता. त्याला तेव्हा सर्दी होती, पण सर्दी नाकाला होती, कानाला नाही.

मी फोन ठेवला. बाथरूममध्ये गेले, नळ सोडला, म्हणजे आत ऐकू जाणार नाही. गरम पाण्याचे दोन घोट घेतले. हिरवं बटण दाबलं. म्हटलं, सर, मी. डॉक्टरांनी दोन मिनिटं परवानगी दिलीय. आणि ते काही बोलायच्या आत राणीचं शेवटचं गाणं सुरू केलं.

काय लागला आवाज! पहिली ओळ तर अशी की मलाच काटा आला. दुसऱ्या ओळीला वर जायचं असतं, तिथे मी जरा बाजूने गेले. तिसरीला ठसका आला, पण तो मी रडण्यासारखा काढला. राणी रडतेच तिथे.

डायरेक्टर अगदी हळू, बापाने बोलावं तसं बोलले. म्हणाले, बाळा, थांब आता. बस. आराम कर.

गहिवरले बिचारे.

फोन ठेवल्यावर तो तीनदा टिंग टिंग वाजला. शाबासकीचे मेसेज असणार. इंग्रजी अक्षरं, मला वाचता येत नाहीत, आणि चिमणीला दाखवले तर विचारेल कशाबद्दल. फोन कपाटात दुलईखाली ठेवून दिला. तपासणी झाल्यावर एकदम सांगेन. केवढी खूश होईल!

१४ मार्च, शनिवार

आज मीसुद्धा घसा सांभाळला. काल ताणला गेलाय.

१५ मार्च, रविवार

थिएटरातून कपडेपटवाला आला. राणीचा निळा झगा चिमणीने घरी आणून ठेवला होता, तो द्या म्हणाला, कमरेत दोन बोटं आत घ्यायचा आहे. चिमणी अंघोळीला गेली होती. मी म्हटलं, वा रे वा, न बघता कसं कळलं तुम्हाला पोर वाळली म्हणून! तो म्हणाला, आजी, खरंच वाईट वाटतंय हो. मी म्हटलं, चार दिवस जेवली की भरेल परत. झगा नीट घडी घालून दिला. वर शिंपीणबाईंना सांगितलं, कामाची माणसं अशी असावीत.

त्या म्हणाल्या, आत कशाला घेतायत, चिमणी तर बसून बसून थोडी भरलीय. शिंपीण आहे ना, सगळ्यांना जाड बघते.

चिमणीने झगा कुठे विचारलं खुणेने. मी म्हटलं, इस्त्रीला. तपासणीआधी डोक्याला ताप कशाला.

१६ मार्च, सोमवार

उद्या तपासणी. जेवण गेलं नाही कोणालाच. चिमणी खिडकीत बसून बोटाने काचेवर ताल धरत होती. मी शेजारी बसले. काही विचारलं नाही. म्हणजे फारसं नाही.

१७ मार्च, मंगळवार

साफ!!

दवाखान्यात दीड तास बसवून ठेवलं. चिमणीचा हात बर्फ. आत बोलावलं, नळी घातली, पडद्यावर त्या दोन पट्ट्या दिसल्या, मोत्यासारख्या पांढऱ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बोल. चिमणी बोलेना. घाबरली. मग म्हणाली, आजी.

स्वच्छ! घंटेसारखा. मी तिथेच रडले, डॉक्टरीणबाईंच्या रुमालात. त्या म्हणाल्या, राखण चांगली केलीत. मी म्हटलं, तुम्हाला पूर्ण माहीतच नाही.

रिक्षात चिमणीला फोन परत दिला. आता सांगणारच होते. पण ती आधी मेसेज वाचायला लागली. वाचत गेली. मग डायरेक्टरना फोन लावला. म्हणाली, सर, मी बरी आहे, आत्ताच डॉक्टरांनी सांगितलं. मग ऐकत राहिली. मग म्हणाली, कुठल्या फोनवर? मग म्हणाली, शुक्रवारी? मी शुक्रवारी गायले?

माझ्याकडे वळून बघितलं.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, इथे डावीकडे घ्या. आमचं घर उजवीकडे आहे.

त्याच दिवशी, पाच वाजता

मेसेज चिमणीने वाचून दाखवला. म्हणजे फोनमधून मान वर न करता सांगितला. डायरेक्टरनी शुक्रवारीच चॅनलला बदलीचं नाव कळवलं. लिहिलं होतं, असा फाटलेला आवाज ऐकून मला रात्री झोप येणार नाही, घशाला जप, काम काय पुन्हा मिळेल.

फाटलेला. टेलिफोनचा दोष असतो कधी कधी.

ठरलं. उद्या थिएटरात जाते आणि एका वाक्यात मिटवून टाकते.

१८ मार्च, बुधवार

गेले. टीव्हीच्या कामामुळे खेळ बंद, सगळीकडे वायरी. बदली स्टेजवर निळा झगा घालून उभी. कंबर बरोबर बसली होती.

मी सांगितलं की तो आवाज माझा. डायरेक्टर म्हणाले, आजी, नातीसाठी खोटं बोलू नका. मी चिडले. म्हटलं, मग ऐका. आणि तिथेच, वायरींमध्ये उभी राहून, म्हटलं. दुसऱ्या ओळीला पुन्हा बाजूने गेले. तिसरीला ठसका आला. शिडीवरचा दिवेवाला हसला, मग त्यालाच कोणी तरी गप्प केलं.

डायरेक्टरनी डोकं दोन्ही हातांत धरलं. म्हणाले, हाच. हाच आवाज.

मी म्हटलं, झालं ना मग. ते म्हणाले, काय झालं आजी? चार दिवस सगळे कॅमेरे या मुलीच्या उंचीवर, हिच्या चालीवर बसवलेत. जाहिरात गेली. आता बदललं तर लाइव्हमध्ये सगळं कोसळेल. मी म्हटलं, चिमणीने अकरा दिवस तोंड शिवून घेतलं होतं हो. ते म्हणाले, माहीत आहे. तिने घेतलं होतं.

बदली जवळ आली. म्हणाली, आजी, मी सोडते काम. डायरेक्टर म्हणाले, कोणी काही सोडणार नाही. बदली राणी झाली म्हणून दासीची जागा रिकामी आहे. चिमणीने ती करावी, हवं असेल तर.

मी सांगून टाकलं, माझी नात दासी मुळीच करणार नाही.

घरी आले तर तिने आधीच हो कळवलं होतं.

२१ मार्च, शनिवार

टीव्ही शिंपीणबाईंकडे पाहिला. चिमणी दुसऱ्या गाण्यात तबक घेऊन आली, ठेवलं, गेली. मी मनात मोजलं, चार आकड्यांत संपलं. सुंदर ठेवलं तबक.

शेवटच्या गाण्याला मी मुठी आवळून बसले. म्हटलं, दुसऱ्या ओळीला पडेल बदली. नाही पडली. तिसरीला वाटलं आता. नाही. शिंपीणबाई पदराला डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, ठीक आहे. मग मीही पुसले. चांगलं गायली कार्टी. काय खोटं लिहू, इथे वाचायला कोण आहे.

पण आमची त्याहून चांगली गाते. ते आता टीव्हीवाल्यांना कधी कळायचं नाही.

२२ मार्च, रविवार. सकाळी

चिमणी रागावलेली नाही. पाणी दे म्हणते, दार लाव म्हणते, सगळं गोड आवाजात. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, चुकलं ग माझं. हे वाक्य चार दिवस पाठ करत होते, पुढेही बरंच होतं, पण तेवढंच आलं. ती चपला घालत होती. म्हणाली, आजी, मला माहीत आहे तू का केलंस. म्हणून तर काही बोलता येत नाही.

मग म्हणाली, डायरेक्टरनी राणीचं काम वाटून दिलंय. शनिवार-रविवार बदली, आणि बुधवारी दुपारी मी. बुधवारी दुपारी हॉल अर्धासुद्धा भरत नाही. मी म्हटलं, भरेल, मी आहे ना पहिल्या रांगेत, शिंपीणबाईंनाही आणते, मुलाला रजा काढायला लावते.

तिने दुसरी चप्पल घातली. म्हणाली, बुधवारी तू येऊ नकोस.

गेली.

गुरुवारचं काही म्हणाली नाही. गुरुवारी खेळ नसतो.