प्रार्थनेपुरती सोडलेली शिडी

…आणि मी शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर, एक हात फांदीला, दुसऱ्या हातात बादली, अशा अवस्थेत असताना खाली सूनबाईने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

(ताई, सलाम राहिला. प्रभूमध्ये तुला सलाम. तुझ्या गुडघ्यांना आराम असो, आणि भावजींचे कान आहेत तसेच राहोत. तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढायची तर ऐकू कमी येणं हीसुद्धा कृपाच आहे. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, किती ते पुढे कळेल. तू वडील बहीण, तुझ्याबद्दल मनात आदर आहे. पत्रात मध्येच तुझ्याविषयी काही आलं तर तो आदर धरून वाचावं. बाकी विचारपूस सावकाश करतो. सध्या मी शिडीवर आहे.)

शिडीवर का, ते आधी सांगायला हवं. आपल्या बाबांचा नियम तुला आठवतो: जेवणाच्या टेबलावर वाद नाही. कोणाचं काही म्हणणं असेल तर ते प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवावं. प्रार्थना चालू असताना डोळे मिटलेले, हात जोडलेले, जागचं हलायचं नाही, बोलणाऱ्याला अडवायचं नाही, आणि आमेन झाल्याशिवाय घास नाही. बाबांना वाटलं, अशाने घरातली भांडणं बंद होतील. फार भला माणूस. भांडणं बंद झाली नाहीत, फक्त डोळे मिटून व्हायला लागली. (या कलेत तुझी बरोबरी कोणी केली नाही हे मी आजही मान्य करतो. माझ्या लग्नाच्या जेवणाआधी तू माझ्या सासरच्या एकेका माणसाला नात्यासकट आणि दोषासकट प्रभूच्या हवाली केलंस. सूप गार झालं. सासूबाई त्याहून गार झाल्या. पाळकसाहेब, ज्यांच्या प्रवचनात आपण सगळे झोपायचो, ते त्या दिवशी स्वतः पेंगले.)

तर नियम अजून चालू आहे आणि वादाचा विषय आहे मागच्या दाराचं तुतीचं झाड. मुलाने नवी गाडी घेतली. पांढरी. जगात इतके रंग असताना पांढरी. घरामागे गाडी उभी करायला जागा एकच, आणि तिच्यावर तुतीची सावली. फळं पिकली की खाली पडतात, जी पडत नाहीत ती साळुंक्या खातात, आणि साळुंक्यांनी खाल्लेलं काही वेळाने कुठे जातं हे पांढऱ्या गाडीवर स्पष्ट दिसतं. सकाळी गाडी बघितली की वाटतं रात्री हिच्यावर कोणी शाईची दौत उपडी केली. मुलगा दर सकाळी ऑफिसच्या कपड्यांत, हातात ओलं फडकं घेऊन गाडीभोवती फिरतो. प्रभूसाठी त्याने एवढे गुडघे टेकलेले मी पाहिलेले नाहीत. चाकं पुसायला मात्र टेकतो. एका रविवारी उपासनेहून परतल्यावर त्याने जाहीर केलं की झाड काढायचं.

मी टेबलावर काही बोललो नाही. नियम म्हणजे नियम. प्रार्थनेची पाळी माझी होती. मी अगदी नम्रपणे म्हणालो, प्रभू, तू तिसऱ्या दिवशी झाडं केलीस, पाचव्या दिवशी पाखरं केलीस, याबद्दल आम्ही आभारी आहोत. गाडी कुठल्या दिवशी केलीस ते मला शास्त्रात सापडलं नाही, तेवढं या घरातल्या तरुण मंडळींना दाखवून दे. आमेन.

दुसऱ्या दिवशी मुलाने प्रार्थनेत अंजिराच्या झाडाचा विषय काढला. (तो एरवी पवित्र शास्त्र उघडत नाही. त्या दिवशी बरोबर पानावर बोट ठेवून आला होता.) प्रभू, तू स्वतः अंजिराच्या झाडाला शाप दिलास आणि ते वाळून गेलं, तेव्हा झाडाचा फार मोह तुलाही नव्हता. मी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं: प्रभू, त्या झाडाला फळ नव्हतं म्हणून तू रागावलास, आमच्या झाडाला फळ फार आहे अशी तक्रार आहे, अशी तक्रार घेऊन तुझ्याकडे याआधी कोणी आलं होतं का? मग सूनबाई उतरली. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे तिची प्रार्थना मुद्देसूद असते. पहिलं म्हणजे, प्रभू, दोरीवरच्या चादरींवर जांभळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. दुसरं म्हणजे, झाडाखाली फळं तुडवली जाऊन घसरडं होतं, आणि तिथे खुर्ची टाकून बसण्याचा हट्ट वडीलधाऱ्यांनी सोडावा अशी बुद्धी दे. तिसरं म्हणजे, बुद्धी दिली नाहीस तर निदान चांगल्या चपला दे. आमच्या भिंगरीने (नात, एका जागी उभी राहत नाही म्हणून हे नाव) शेवटी एकच वाक्य जोडलं: प्रभू, मला भूक लागली आहे आणि हे तिघं तुझं डोकं खात आहेत. आमेन सगळ्यात जोरात तिचंच होतं.

आठवडाभर आम्ही असं गार जेवण जेवलो. प्रभूने कोणाच्याच बाजूने कौल दिला नाही, पण मुलाने झाड तोडायला विचारलेल्या झाडवाल्याने होकार दिला. गुरुवारी सकाळी येतो म्हणाला.

माझ्या हातात बुधवार होता. मी ठरवलं की पिकलेली सगळी फळं स्वतःच काढून टाकायची. फळच नाही तर डाग नाही, डाग नाही तर वाद नाही. शेजारच्या रंगाऱ्याची शिडी मागून आणली. (तो म्हणाला, ‘काका, कोण चढणार?’ मी म्हणालो, मुलगा. एवढं खोटं झाडासाठी चालतं असं मी धरून चाललो. परिणाम पुढे आहेच.) गाडी खालीच उभी होती. मुलाने त्या दिवशी घरीच काम काढलं होतं आणि गाडीची किल्ली तो शर्टाच्या खिशात ठेवतो, हृदयाजवळ. मी गाडीवर जुनी चादर टाकली, शिडी लावली आणि चढलो.

वर फार सुंदर आहे, ताई. इतकी वर्षं त्या झाडाखाली बसलो, ते आतून कसं दिसतं हे ठाऊक नव्हतं. पानांतून येणारा उजेड हिरवा होतो. साळुंकीचं एक जोडपं माझ्याकडे असं बघत होतं की जणू भाडेकरूच्या घरात मालक न विचारता शिरला. मी बादली अर्धी भरली. अर्ध्याच्या वर फळं खाल्ली. मग सूनबाई शाळेतून आली.

‘पप्पा! खाली या.’

‘येतो. एवढी फांदी झाली की.’

‘वय काय तुमचं?’

‘येशूला बघायला जक्कयही चढला होता झाडावर.’

‘तो बुटका होता, म्हातारा नव्हता. आधी खाली या!’

मी आलो नाही. शिडी डगमगत होती, हे खरं आहे. तिने धावत येऊन दोन्ही हातांनी ती घट्ट धरली, हेही खरं आहे. ती घाबरली होती. आणि घाबरलं की आपल्या घरात काय करतात? ‘थांबा पप्पा, हलू नका, मी प्रार्थना करते,’ असं म्हणून तिने डोळे मिटले आणि हात जोडले.

हात जोडायचे तर शिडी सोडावी लागते. तिने सोडली.

आता माझं ऐक. दुसऱ्या कुठल्याही घरातला म्हातारा अशा वेळी ओरडला असता, किंवा फांदी धरली असती. मी बाबांचा मुलगा. खालून ‘हे प्रभू’ ऐकू आलं आणि माझे डोळे आपोआप मिटले. बादली कोपरात सरकली. फांदी सुटली. शिडीच्या टोकावर मी हात जोडून, मान खाली घालून उभा राहिलो. तेवढ्यापुरता मी फार भाविक दिसलो असेन.

ती म्हणाली, ‘हे प्रभू, आमच्या पप्पांना खाली आण.’

प्रार्थना ताबडतोब ऐकली गेली. (‘सुखरूप’ दुसऱ्या मुद्द्यात येणार होतं, असं ती म्हणते.) आधी एका फांदीने माझी कॉलर धरली, क्षणभर विचार केला आणि सोडून दिलं. मग मी गाडीच्या टपावर पडलो, पाठीवर, आणि बादली माझ्यावर. टप आत गेला. त्या खड्ड्यात मी इतका नीट बसलो की काही वेळ उठावंसं वाटेना. सूनबाईने डोळे उघडले तेव्हा मी नखशिखांत जांभळा होतो. ती किंचाळली, मग माझी नाडी बघितली, मग मला एक तुती चघळताना पाहून म्हणाली, ‘लाज नाही वाटत?’ भिंगरी आतून धावत आली आणि तिने विचारलं, आजोबा, परत करणार का?

मुलगा बाहेर आला. तो विमा कंपनीत आहे, लोकांच्या गाड्यांचं नुकसान बघणं हे त्याचं काम. त्याने आधी मला हलवून बघितलं, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. नंतर टपाकडे पाहिलं. नंतर बराच वेळ कुठेच पाहिलं नाही. कंपनीच्या कागदावर नुकसानीचं कारण लिहावं लागतं. वादळ, झाड पडणं, जनावर अशी कारणं त्याने इतरांसाठी हजारदा लिहिली आहेत. वडील, हे कारण त्यात बसत नाही.

मला काही झालेलं नाही. पाठ दुखते, पण ती आधीही दुखायची; आता निदान कारण सांगता येतं.

संध्याकाळी टेबलावर सगळे जमलो. प्रार्थना कोण करणार? मी मुद्दे तयार ठेवले होते: फांदीने कॉलर धरली, म्हणजे झाडाने आपल्या परीने मला वाचवलं, इत्यादी. पण मुलानेच सुरुवात केली. डोळे मिटून, हळू आवाजात. प्रभू, तू गाडी कुठल्या दिवशी केलीस असं पप्पा विचारत होते. आज बुधवार. आमेन.

ताई, खरं आहे. खाली गाडी नसती आणि फरशीवर पडलो असतो तर हे पत्र तुला दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. सूनबाईने वाढायला घेतलं. जेवण बऱ्याच दिवसांनी गरम होतं आणि कोणाला गेलं नाही. झाडवाला मात्र सकाळी येणारच आहे. ते कोणी बदललेलं नाही.

भावजींना सलाम. मोठ्याने सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. झाडाचं मला एवढं काही नाही, हे कळावं. सावली काय, छत्रीचीही पडते. मी फक्त तत्त्वासाठी भांडत होतो.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. तुझी भावजय तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसायची. अंथरुणावर नको म्हणायची. संध्याकाळची प्रार्थना आम्ही दोघं तिथे करायचो. तिची एका ओळीची असे: प्रभू, आजचा दिवस बरा गेला. (तुझं आणि तिचं का जमलं नाही हे यातच आलं.) हे मी टेबलावर प्रार्थनेत मांडलं नाही. मांडायला हवं होतं, पण ते बोलताना डोळे मिटलेले पुरले नसते. तेव्हा आता कामाचं. झाडवाला आपल्याच मंडळीतला, देवळात भारदस्त आवाजात गातो. प्रार्थनेशिवाय तो करवत लावत नाही आणि ती घरातल्या सगळ्यात वडील माणसाने करावी असा त्याचा नेम आहे. उद्या मी जमेल तितकं लांबवून त्याला परतवायला बघीन, पण माझा घसा तुला ठाऊक आहे. तुझ्या प्रार्थनेबद्दल या पत्रात आणि गेल्या चाळीस वर्षांत जे काही बोललो ते मागे घेतो. पुढच्या खेपेला तू ये. माझ्या घरी आलीस की सगळ्यात वडील तू. माझ्या सासरच्या माणसांपासून सुरुवात केलीस तरी चालेल.

सकाळी लिहीत आहे. झाडवाला आला. मी उत्पत्तीपासून सुरुवात केली. नोहाच्या तारवापर्यंत घसा बसला. मी थांबलो, झाडवाल्याने आमेन म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, ‘आणि दुसरं म्हणजे, प्रभू, या झाडाखाली आमच्या सासूबाई बसायच्या.’ तिचे मुद्दे संपेनात. ती शाळेला उशिरा गेली, हे तिच्या नोकरीत पहिल्यांदाच झालं. मुलाने शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. झाडवाल्याला दुसरीकडे काम होतं. सोमवारी येतो म्हणाला आणि करवत घेऊन गेला; सोमवारच्या आत तू पोच. गाडी दुरुस्तीला नेली आहे. शिडी सूनबाईने स्वतः रंगाऱ्याकडे पोचवली.