चिखल्या नव्हत्या त्या

२० जुलै २०२५, रविवार

आज आमच्या बांधीतली भाताची रोवणी उरकली. हे काल संध्याकाळपर्यंत केवलराम सेठच्या काचेच्या दुकानात कामावर होते आणि आज उजाडताच चिखलात. दुपारपासून उजव्या हाताची तीन बोटं दुखून राहिली म्हणतात. सासूबाईंचं निदान ठरलेलं — "चिखल्या होत धनेंद्र, दरसाल होतेत." मेंदी वाटली, बोटांवर थापली, वरून चिंधी. मलाही पटलं.

२१ जुलै

यांचा डोळ्याला डोळा नाही. गोळी घेतली, फरक नाही. बोटांना ना फोड, ना चीर. चिखल्या बेचक्यात होतात, यांचा ठणका नखाखाली. विंचू चावला तरी तंबाखूचा खर्रा घोटत बसणारा माणूस — आज भिंतीला डोकं टेकून रडला. मला भीती वाटली.

म्हटलं, शनिवारी दुकानात काय केलं? म्हणे देवघराच्या दाराची काच होती, मोर काढायचा. एचएफ नावाचं अ‍ॅसिड लावलं की ते काच खातं आणि नक्षी उठते. हातमोज्याला भोक होतं. "पण तेव्हा जळलंच नाही ना! पाण्यासारखं वाटलं."

तिरोड्यात डॉक्टरकडे नेलं. मेंदीनं बोटं लालभडक, त्यांना कातडीच दिसेना. म्हणाले, अ‍ॅसिडचं पूर्ण नाव आणा. सेठला फोन केला. "भाभी, अपना माल तो हल्का है. रोवणी में हुआ होगा. दुकान का नाम मत लो." असा संताप आला! फोन कापला आणि सरळ दुकानात गेले. मागच्या खोलीत प्लास्टिकची कॅन, तिच्यावर कवटीचं चित्र. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड. सेठच्या समोर फोटो काढला. तशीच दवाखान्यात परत आले.

फोटो पाहून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. तसंच गोंदियाला पाठवलं.

२२ जुलै, गोंदिया

इथल्या डॉक्टरबाई समजावून सांगतात, ते बरं आहे. हे अ‍ॅसिड पातळ असलं की आधी जळत नाही, माणूस तिथंच फसतो. ते कातडीतून आत उतरतं आणि रक्तातलं, हाडातलं कॅल्शियम ओढतं. जास्त सांडलं तर हृदयच बंद पडू शकतं, म्हणून यांच्या छातीला तारा लावल्या. बोटांत कॅल्शियमची इंजेक्शनं दिली आणि मोज्यात कॅल्शियमचं जेल भरून हात आत. मी विचारलं, हे काचेच्या बाटलीत काऊन ठेवत नाहीत? हसल्या. "काच तर ते खातंच ना!" खरंच की. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

संध्याकाळी हे म्हणाले, ठणका उतरला. मग चहा मागितला. मग बिस्किट. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून घेतलं.

२३ जुलै

दोन बोटं वाचली. तिसऱ्याचं पाहू म्हणतात.

२६ जुलै

तिसरंही वाचलं! नख जाईल, जाऊ दे. घरी आलो.

सासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. "भूमे, मीनं कायले लावली वो मेंदी?" म्हटलं, आई, आपण सगळेच फसलो, चला जेवा.

डॉक्टरबाईंनी बजावलंय — अंगावर उडालं की आधी नळाखाली धरायचं, भिजलेले कपडे काढायचे, जेल चोळायचं आणि दवाखाना गाठायचा. दुखायची वाट पाहायची नाही. जेलची एक ट्यूब घरी ठेवली, दुसरी दुकानात पाठवली. सेठनं परत केली. "ये सब नाटक यहाँ नहीं." हे म्हणतात, जाड मोजे आणि चष्मा मिळाल्याशिवाय तिथं पाय ठेवणार नाही. शाबास! अक्कल आली एकदाची.

३० जुलै

आज यांनी स्वतःच्या हातानं भात कालवून खाल्ला. मी पाहत बसले. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

२ ऑगस्ट

सकाळी सेठ दारात. कारागीर नाही म्हणून काल स्वतःच काचेवर नक्षी करायला बसला होता, उघड्या हातानं. अंगठा पोटाशी धरलेला, चेहरा पांढराफटक. बोलायला माझ्याकडे पोतंभर होतं. पण आधी त्याचा हात नळाखाली धरला, जेल लावलं, यांनी गाडी काढली.

गोंदियात डॉक्टरबाईंनी विचारलं, काय लागलं? मी तोंड उघडायच्या आत सेठच बोलला — "एचएफ है मॅडम. मेरी दुकान का. धनेंद्र का हाथ भी उसी से जला था."