डाव्या अंगाचा नववा पट्टा

राजधानी, ३ एप्रिल

ती. माई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

काल दुपारी आम्ही सुखरूप पोहोचलो. खोली चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती फक्त वर जायला वापरायची, उतरताना पायांनीच उतरायचं, असा मालकीणबाईंचा नियम आहे. कारण विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्याकडे फोनही आहे, पण तुम्हाला फोन चालत नाही हे माहीत असल्यामुळे पत्रच लिहिते आहे. खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं, आणि मान बरीच वाकडी केली तर संसदेच्या घुमटाचा एक तुकडा. तुमची नात चिमणी सकाळपासून मान वाकडी करून बसली आहे.

तुमचे चिरंजीव सुट्टीवर आलेत खरे, पण मोजणीखातं सोबत घेऊन. संसदेपुढच्या चौकात सगळी माणसं वर बघत होती आणि हे खाली मान घालून पावलं मोजत होते. पाटीवर चौकाची लांबी दोनशे दहा मीटर लिहिली आहे, यांच्या हिशेबाने ती दोनशे सहाच भरते. ते त्यांनी पहारेकऱ्याला जाऊन सांगितलं. वरिष्ठांना कळवतो, असं तो बिचारा अगदी गंभीरपणे म्हणाला. मी आणि चिमणी तोवर कारंज्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिलो, म्हणजे आम्ही यांच्यासोबत आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये.

तुमची फार आठवण येते. बॅग भरून दारात ठेवलेली, आणि नेमका त्याच सकाळी तुमचा गुडघा सुजावा याला काय म्हणावं. गाडीत तुमच्या जागेवर चिमणीची बाहुली बसून आली. शिवाय वर्तमानपत्रात आलंय की मोठ्या नाट्यगृहाचा लाल पडदा आता उतरवणार, अठरा तारखेला त्याचा शेवटचा प्रयोग. तुम्ही आणि तुमच्या कारखान्यातल्या तिघींनी सात आठवडे बसून शिवलेला पडदा, आणि तुम्ही तो टांगलेला एकदाही पाहिलेला नाही. म्हणून आम्ही सात तारखेची तिकिटं काढली आहेत, पहिल्या गॅलरीत, अगदी मधोमध. काय काय बघून यायचं ते कळवा.

लोभ आहे तसाच ठेवावा, गुडघा मात्र आहे तसा ठेवू नये.

तुमची,
सूनबाई


घर, ५ एप्रिल

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज मिळालं. एकदा मनात वाचलं, एकदा शेजारणीला वाचून दाखवलं. लिफ्टचं तिला पटलं नाही, पण पावलांचं लगेच पटलं. तुझ्या नवऱ्याने लहानपणी माझी शिवणाची टेपच पळवली होती, तेव्हापासूनचं हे खूळ आहे.

नाटकाला जाऊ नका असं माझं मत आहे. गॅलरीत वारा फार लागतो. चिमणी पेंगेल. त्यापेक्षा प्राणिसंग्रहालयात जा, तिथे जिराफाला पिल्लू झालंय म्हणतात. आणि पडदा म्हणजे शेवटी कापडच, त्यात काय बघायचं.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं, चहा केला आणि परत येऊन बसले. कारण वर लिहिलेली सगळी कारणं खोटी आहेत. गुडघाही खोटा आहे. त्या सकाळी गरम पाण्याची पिशवी धरून मी तो लाल केला आणि वर फडकं गुंडाळलं.

आता खरं ऐक. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला की हाताला अडतं. पडद्याच्या सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर उलटा लागलेला पट्टा उजेडात वेगळा, गडद दिसतो. शिवायला येणाऱ्या मुलीला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी तेव्हा नवी मुलगी नव्हते. मी मुकादम होते, आणि हे शिकवणारी मीच. पडद्याचे दोन भाग, प्रत्येकात नऊ पट्टे. शेवटचा पट्टा मी स्वतः जोडला, कारण ट्रक दारात उभा होता. गठ्ठा ट्रकमध्ये चढवल्यावर मायेने त्यावरून हात फिरवला आणि हात अडला. डाव्या अंगाचा नववा पट्टा, म्हणजे पडदा जिथे मधोमध उघडतो त्याला अगदी लागून. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी तोंड उघडलं नाही.

मग मालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, भिंतीवर फोटो लागला. जितकं कौतुक झालं तितकी मला स्वतःची लाज वाटत गेली. एकतीस वर्षांत तुम्ही मला चार वेळा राजधानीला बोलावलंत आणि चारही वेळा माझं काही ना काही दुखलं, ते यामुळे. समोर बसून लोकांनी त्या पट्ट्याकडे बोट दाखवलेलं मला बघवलं नसतं.

पण आता पडदा उतरणार म्हटल्यावर राहवत नाही. तेव्हा जाच, आणि तो पट्टा दिसतो का ते मला खरं खरं कळव. तुझ्या नवऱ्याला यातलं काही बोलू नकोस. चिमणीला तर मुळीच नाही, ती गॅलरीतून ओरडून सांगेल.

जिवाला जपा, आणि सासूला फार हसू नका.

तुझी,
माई


राजधानी, ८ एप्रिल

ती. माई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कालच सकाळी मिळालं आणि संध्याकाळी आम्ही नाटकाला गेलो. माई, काय तो पडदा. दिवे मंद झाले आणि तो असा काही सरकला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पट्ट्याचं म्हणाल तर मी अगदी बारकाईने पाहिलं. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून पाहिलं, दिवे लागल्यावर पाहिलं, दिवे गेल्यावर पाहिलं, पण नववा पट्टा शोधूनही सापडला नाही. सगळा पडदा एकसारखा आणि एकरंगी आहे. आजूबाजूलाही कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तुम्ही उगाचच इतकी वर्षं मनाला लावून घेतलंत. आता निर्धास्त व्हा.

आज प्राणिसंग्रहालयात जाऊन आलो. जिराफाचं पिल्लू खरंच आहे आणि ते मोजायला यांना आत सोडलं नाही.

आमच्यावरची माया अशीच वाढती राहो.

तुमची,
सूनबाई


(पोस्टकार्ड)

८ एप्रिल

ती. आजीस सा. न.

तुझा पडदा खूप खूप मोठा आहे. आई ओठातल्या ओठात पट्टे मोजत होती म्हणून मी पण मोजले. डावीकडचा नववा काळपट दिसतो. गवतावरून कुणी चालत गेलं की कसं दिसतं, तसा. मी आईला सांगितलं तर तिने मला चिमटा काढला. पण बाबांनी मोजणीच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि त्यांनाही दिसला. मध्यंतरात ते पडदा ओढणाऱ्या आजोबांना शोधून म्हणाले की तुमचा एक पट्टा वेगळा आहे. आईने त्यांची बाही ओढली पण ते थांबले नाहीत. आजोबा खूप हसले आणि म्हणाले की तो पट्टा तर आमच्या नाट्यगृहातला सगळ्यात (जागा संपली).

तुझी लाडकी चिमणी


घर, १० एप्रिल

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. उ. आ.

तुझं पाकीट आणि चिमणीचं कार्ड पोस्टमनने एकाच वेळी हातात ठेवलं. मी आधी पाकीट फोडलं. पुढचं काय सांगू.

मला फोन का चालत नाही ते आज सांगते. फोनवर माणूस खोटं बोललं तर मला ओळखता येत नाही, अक्षरात मात्र लगेच ओळखते. तुझं अक्षर एरवी कसं उभं आणि ठसठशीत असतं. पडद्याच्या मजकुरात ते एकाएकी आडवं होऊन पळत सुटलंय, आणि जिराफापाशी पुन्हा सरळ झालंय. त्यातून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं असं इतकं लिहायची खऱ्याला गरज नसते. कार्ड आलं नसतं तरी मी ओळखलं असतं. रागावले नाही. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून लिहिलंस ते मला कळतं, आणि मला मुलगी असती तर तिनेही हेच केलं असतं.

म्हणजे पट्टा दिसतो. एकतीस वर्षं दिसतोय. हे एकदाचं कळलं तेव्हा भीती वाटण्याऐवजी दुखरा दात काढून टाकल्यासारखं झालं, तेही खरं सांगते. पण तो पडदेवाला काय म्हणाला? सगळ्यात काय? सगळ्यात वाईट? सगळ्यात हास्यास्पद? तो हसला कशाला? आज भाजीत मीठ दोनदा पडलं आणि शेजारणीला मी तिच्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली. जे असेल ते लिही. मला आता काहीही चालेल, अर्धं वाक्य चालणार नाही. आणि चिमणीला यापुढे कार्ड नको, मोठा कागद देत जा.

खरं लिहिणाऱ्यांना दुप्पट आशीर्वाद.

तुझी,
माई


राजधानी, १२ एप्रिल

ती. माई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

चुकले. यापुढे तुम्हाला खोटं लिहिणार नाही, निदान हाताने तरी नाही. त्या दिवशी पडदेवाले काका जे बोलले ते तुम्हाला सांगायचं तर पट्टा दिसतो हे आधी कबूल करावं लागलं असतं, म्हणून मी तीही गोष्ट गिळून टाकली. तेवढ्यासाठी सगळ्यात गोड बातमी तुमच्यापासून चार दिवस लांब राहिली, याचं मला फार वाईट वाटतंय.

काका तिथे सव्वीस वर्षं पडदा ओढतात. ते म्हणाले की तो पट्टा आमच्या नाट्यगृहातला सगळ्यात कामाचा पट्टा आहे. नाटक संपलं की कुणीतरी पडद्यापुढे येऊन दोन शब्द बोलतं. बोलून झालं की परत आत जायचं असतं, पण समोरच्या दिव्यांनी डोळे दिपलेले, आणि पडद्याच्या चुण्या सगळ्या सारख्या. दुसऱ्या नाट्यगृहांत त्यांनी भले भले नट कापड चाचपत इकडून तिकडे फिरताना पाहिलेत. लोक हसतात, आणि रडवणारं नाटक तिथेच वाया जातं. इथे तसं कधीच झालं नाही. नव्या नटाला पहिल्याच दिवशी शिकवतात की पाठ वळवायची आणि कापडावरून हात वरून खाली फिरवायचा. गुळगुळीत लागलं तर पुढे चालायचं. जिथे हाताला अडेल, तिथे वाट.

मध्यंतर संपायच्या आत त्यांनी आम्हाला रंगमंचावर नेलं. मी हात फिरवून पाहिला, माई. खांद्याच्या उंचीवर तिथली लव इतक्या जणांच्या हातांनी झिजून फिकी झाली आहे, तरी अजून अडते. हे तुमच्या हातचं, असं वाटून मी पुन्हा एकदा हात फिरवला. तेवढ्यात तुमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं की हा पडदा माझ्या आईने शिवलाय. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. ज्या कुणा हुशार माणसाने हे डोकं लढवलं त्याला एकदा बघायची त्यांची फार इच्छा होती म्हणे. तुमचे चिरंजीव तेव्हापासून मालकीणबाईंसकट सगळ्यांना सांगत सुटलेत की आईने ते मुद्दाम केलं. मी तुम्ही बजावल्याप्रमाणे गप्प आहे, पण फार कठीण जातंय.

आणखी एक. नव्या पडद्याची मापं काकांनीच लिहून दिली. त्यात डाव्या अंगाचा नववा पट्टा उलट्या लवेचा हवा, असंही लिहिलं. नवा पडदा शिवणाऱ्या कारखान्यातून दोनदा विचारणा झाली की हे चुकून लिहिलंय का. त्यांनी दोनदा उत्तर पाठवलं की नाही, असाच हवा.

अठराच्या शेवटच्या प्रयोगाला पडदा शिवणाऱ्या बाईंनी यावं, असा त्यांचा निरोप आहे. आम्ही एकोणीसला निघणार, म्हणजे परतीची सोबतही आहे.

उत्तराची नाही, तुमचीच वाट पाहते.

तुमची,
सूनबाई


घर, १४ एप्रिल

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि तिथेच रडले. काही वाईट बातमी आहे असं वाटून शेजारीण पाण्याचा पेला घेऊन धावत आली. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, गरम पाण्याच्या पिशवीसकट. ती म्हणाली की एकतीस वर्षं उगाच कुढत बसलीस. मला आधी तिचा राग आला, मग माझा स्वतःचा आला, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

सतरा तारखेच्या सकाळच्या गाडीने येते आहे. चिमणीला स्टेशनवर आण, बाहुली आणू नकोस, माझी जागा मला लागेल. गुडघा ठणठणीत आहे, चार मजले उतरेन. तिकीट मात्र मधोमधचंच काढ, बाजूचं नको.

पडदेवाल्यांची टोपी मला अशी फुकटची नको. ते मुद्दाम केलेलं नव्हतं, ती चूक होती आणि मी ती लपवली, हे मी त्यांना तोंडाने सांगणार आहे. तुझ्या नवऱ्यालाही त्याच वेळी सांगेन, म्हणजे त्याला मध्ये बोलता येणार नाही. नवा पडदा येऊन पडला असेल तर तो मला आधी दाखवा म्हणावं. उलटी लव मागून घेतली आहे, ती लावणारणीचे टाके सरळ आहेत का ते मी बघणार.

आणि एक मागणं आहे, ते तू माझ्या वतीने आजच त्यांच्या कानावर घाल. प्रयोग संपून लोक गेले की मला पाच मिनिटं पडद्यापुढे उभी राहू द्या. मला डोळे मिटून, हात फिरवत, माझी मी आत जायचं आहे.

भेटीत बाकीचं. तोवर सगळ्यांना माझे आशीर्वाद.

तुझी,
माई